फौंड्रीतल्या वाळूच्या धुळीनं फक्त सिलिकोसिस होतो, की फुप्फुसाचा कॅन्सरही?

पंचगंगाकाठची

नमस्कार. आप्पांचे उपचार चालू आहेत, त्यामुळं औषध विचारायला आलेले नाही. दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या म्हणून हा धागा काढतेय. इथं फौंड्रीलाईनचे बरेच जुनेजाणते लोक आहेत.

आमचे आप्पा (माझे वडील, वय 61) शिरोली एमआयडीसीत फौंड्रीला, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात होते. आधी मोल्डिंगला (वाळूचे साचे करायला), मग नॉकआउटला (साचा फोडून कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, बाहेर काढायला), आणि शेवटची बरीच वर्षं फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला), तीही ठेकेदाराकडं. तोंडाला रुमाल, फार तर तो निळा सर्जिकल मास्क. तीनेक वर्षांपूर्वी दम लागायला लागला. थुंकीत जंतू सापडले नव्हते तरी टीबी धरून सहा महिने गोळ्या झाल्या. दम काही गेला नाही. आता एचआरसीटी (फुप्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन) काढलाय. त्यात लिहिलंय: दोन्ही बाजूंना वरच्या भागात बारीक गाठी, ग्रंथींभोवती अंड्याच्या कवचासारखं कॅल्शियम, उजवीकडं वर साधारण 3 सेंमीचा गोळा. ‘सिलिकोसिस, पीएमएफ असावा, मॅलिग्नन्सी नाही ना याची खात्री करावी.’ (सिलिकोसिस म्हणजे धुळीनं फुप्फुसात होणारे व्रण, पीएमएफ म्हणजे त्यातल्या गाठी मिसळून झालेला मोठा गोळा, मॅलिग्नन्सी म्हणजे कॅन्सर.)

पहिले डॉक्टर म्हणाले, धुळीनं सिलिकोसिस होतो, कॅन्सर नाही, कॅन्सर बिडीनं होतो. दुसरे म्हणाले धुळीनंही होतो. आप्पा बिडी ओढायचे, दिवसाला पाच-सहा, नातू झाल्यावर सोडली. पण त्यांच्याच लाईनवरचे एक काका, माळकरी, जन्मात बिडी-तंबाखूला शिवले नाहीत, गेल्या वर्षी फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेले. त्यांच्या घरचे म्हणतात, नशीब.

नक्की खरं काय? माझा धाकटा भाऊ दुसऱ्या एका फौंड्रीत सँड प्लांटवर आहे, म्हणून जास्त काळजी. तिथं शिफ्ट सुटताना प्रत्येकाला गुळाचा खडा देतात, त्यानं छातीतली धूळ उतरते म्हणे.

पाथरवटाचा_नातू

ताई, उगाच घाबरू नका. आमचे आजोबा पाटे-वरवंटे आणि जाती घडवायचे. जन्मभर छिन्नी-हातोडा, नाकातोंडात दगडाचा भुगा. नव्वदीला टेकले होते, गेले ते पण न्हाणीत घसरून. हल्ली जरा खोकला आला की लगेच कॅन्सर. धुळीत जन्म काढलेली ती पिढी आपल्यापेक्षा ठणठणीत होती. आप्पांना हवापालटाला गावाकडं न्या, बरं वाटेल.

वाळूमास्तर

मी कोल्हापुरातल्या फौंड्र्यांत सँड लॅबला होतो, पुढं सेफ्टीची कामंही गळ्यात पडली. पोरं वाळूमास्तर म्हणायची. जरा लांबण लागेल, सोसून घ्या.

आधी सरळ उत्तर. हो, वाळूच्या धुळीनं फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था आहे, आयएआरसी. तिनं कामाच्या जागी श्वासातून जाणारा स्फटिकरूप सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ (आपली वाळू, गारगोटी) आणि क्रिस्टोबलाइट (तोच क्वार्ट्झ फार तापून बदललेला), 1997 सालीच पहिल्या गटात टाकला. माणसाला कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा आहे, असा त्या गटाचा अर्थ. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉसही त्याच गटात. 2012 ला पुन्हा तपासलं आणि तिथंच ठेवलं. शिवाय लोखंड-पोलादाच्या फौंड्रीतलं काम त्यांच्या यादीत स्वतंत्रपणे पहिल्या गटात आहे. तिथं एकटी वाळू नसते, मोल्डमधली कोळशाची भुकटी जळून निघणारा धूर असतो, कोअरच्या (कास्टिंगमध्ये पोकळी ठेवणाऱ्या वाळूच्या ठोकळ्याच्या) रेझिनचा वास असतो. तेव्हा पहिल्या डॉक्टरांचं वाक्य पंचवीस-तीस वर्षं जुनं आहे. एवढं मात्र लक्षात घ्या, की गट म्हणजे पुरावा किती पक्का हे कळतं. धोका किती मोठा, हे त्यावरून कळत नाही. त्याचं गणित खाली मांडतो.

पाथरवटाच्या नातवानं रागावू नये, पण आजोबांचा दगड वेगळा होता. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. त्यात सिलिका भरपूर, पण ती दुसऱ्या खनिजांत बांधलेली असते. मोकळा क्वार्ट्झ जवळजवळ नाहीच, पोकळीत कुठं गारगोटी भरली असेल तेवढीच. त्यात आजोबा उघड्यावर बसून हातानं टाकी मारायचे, शेडमध्ये बसून ग्राइंडर नव्हते चालवत. हाच धंदा जोधपूरकडं वालुकाश्मात करणाऱ्यांची काय गत झाली, ते राजस्थान सरकारला 2019 साली सिलिकोसिससारख्या धूळरोगांसाठी वेगळं धोरण काढावं लागलं यावरूनच समजा. आणि आजोबांच्या बरोबरीचे जे खोकत खोकत धंदा सोडून घरी बसले, त्यांच्या गोष्टी नातवंडं सांगत नाहीत.

म्हणून ‘दगडाची धूळ’ असा एकच प्रकार धरून बोलू नये. कोळशाची धूळ घ्या. आयएआरसीनं ती तिसऱ्या गटात ठेवली, म्हणजे कॅन्सरच्या बाबतीत निवाडा देण्याएवढा पुरावा नाही. चंद्रपूरकडच्या खाणीतल्या माणसाचं फुप्फुस त्या धुळीनं काळं पडून निकामी होतं, ते वेगळं. पण तोच माणूस खाणीत छताच्या दगडात भोकं पाडत असेल, तर त्याच्या छातीत कोळशाबरोबर क्वार्ट्झही जातो.

आता आपली वाळू. लॅबमध्ये आम्ही चाळण्यांची चळत शेकरवर लावायचो. वर जाड जाळी, खाली बारीक होत होत तळाला पॅन. कास्टिंगची वाळू एएफएस 50-55 ची (हा वाळूच्या बारीकपणाचा आकडा), दाणा पाव मिलिमीटरच्या आसपास. हा दाणा नाकात गेला तर शिंकेबरोबर बाहेर. तो फुप्फुसाच्या तळाला पोचूच शकत नाही. पोचतो तो 4 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्याखालचा कण, आणि तो आमच्या पॅनमध्येही धड सापडायचा नाही, तो हवेत असायचा. मोल्डिंगची ओली वाळू त्या मानानं गरीब. तीच वाळू 1400 अंशांच्या आसपासचं लोखंड पोटात घेते तेव्हा पाणी उडून जातं, बेंटोनाइटची (वाळू धरून ठेवणाऱ्या चिकणमातीची) पकड सुटते, दाणे तडकतात, आणि नॉकआउटच्या जाळीवर बॉक्स (साच्याची चौकट) हादरला की हे सगळं एकदम उठतं. फेटलिंगला कास्टिंगवर भाजून चिकटलेली वाळू ग्राइंडरनं उडवतात, म्हणजे तिथं दाणा नव्यानं फुटतो. नुकत्या फुटलेल्या क्वार्ट्झचा पृष्ठभाग जुन्या, झिजलेल्या कणापेक्षा जास्त जहाल असतो. आप्पांनी ही दोन्ही कामं केलीत.

शेडच्या पारदर्शक पत्र्यातून उन्हाची तिरीप येते, तिच्यात जे चमकताना दिसतं ते बहुतेक जाड असतं. थोड्या वेळात खाली बसतं. घातक ते दिसतच नाही, आणि ते तासन्‌तास तरंगतं. जेवणाच्या सुट्टीत मशिनं थांबली की शेड स्वच्छ वाटते, आणि पोरं तिथंच बॉक्स उलटा टाकून डबे उघडतात.

सगळ्यात वाईट काम विचाराल तर माझ्या मते फेटलिंग नाही. इंडक्शन फर्नेसचं (विजेच्या भट्टीचं) लायनिंग, म्हणजे आतलं अस्तर, तोडणं. ते लायनिंग सिलिका रॅमिंग मासचं (ठासून बसवलेल्या सिलिकाच्या पुडीचं) असतं, हीटवर हीट (एकामागून एक वितळण) तापून त्यातल्या बऱ्याच क्वार्ट्झचं क्रिस्टोबलाइट झालेलं असतं. फर्नेस गार झाली की माणूस आत उतरतो आणि कंबरेला कंबर घासेल एवढ्या जागेत ब्रेकर चालवतो. पाच मिनिटांत त्याची टोपी दिसेनाशी होते. हे काम बहुतेकदा रविवारी, बाहेरच्या गँगकडून. त्यांचं नाव हजेरीत नाही, ईएसआयला (कामगार विम्याला) नाही, उद्या गावी जाऊन आजारी पडला तर कुठल्याच कागदावर नाही. मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूरचे आदिवासी मजूर गुजरातेत गोध्र्याकडं क्वार्ट्झ दळायच्या कारखान्यांत जायचे, त्यांचं हेच झालं. परत जाऊन आपापल्या पाड्यावर मेले. 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख द्या, असं मानवी हक्क आयोगानं 2010 ला सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यायला 2016 उजाडलं.

गणित. अमेरिकेत 2016 च्या नियमानं हद्द आहे घनमीटरला 50 मायक्रोग्रॅम, 8 तासांची सरासरी. शिफ्टमध्ये माणूस साधारण 10 घनमीटर हवा ओढतो. म्हणजे दिवसाला अर्धा मिलिग्रॅम, मिठाचे आठ-दहा कण. आपल्या जुन्या कारखाने कायद्यातलं सूत्र असं: 10 भागिले (क्वार्ट्झचे टक्के अधिक 2). शुद्ध क्वार्ट्झ धरला तर घनमीटरला 0.1 मिलिग्रॅमच्या जवळ येतं, म्हणजे अमेरिकेच्या दुप्पट. आता 2001 साली दहा ठिकाणच्या कामगारांची माहिती एकत्र करून मोठा अभ्यास झाला. जवळपास 66 हजार माणसं, त्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरचे 1072 मृत्यू. त्यात निघालं ते असं. विसाव्या वर्षापासून पासष्टीपर्यंत याच 0.1 च्या हवेत काम केलं, तर पंचाहत्तरीपर्यंत फुप्फुसाच्या कॅन्सरनं जाण्याचा धोका एरवीच्या शंभरात 3 ते 6 वर आणखी 1.1 ते 1.7 नं वाढतो.

ताई, याचे दोन अर्थ काढा. एक, शंभरातल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही, तेव्हा आप्पांना झालाच असेल असं धरून चालू नका. दोन, हजार कामगारांत ही 11 ते 17 जादा घरं आहेत, आणि प्रत्येक घर म्हणतं नशीब. शिवाय 0.1 ही कागदावरची हद्द. नॉकआउटला ती पाळली जाते असं मानणारा माणूस कधी नॉकआउटला उभा राहिलेला नाही.

गूळ. मी कोल्हापूरचा आहे, गुळाविरुद्ध बोलताना जीभ अडखळते. पण गूळ जातो अन्ननलिकेतून पोटात आणि धूळ बसलीय श्वासनलिकेच्या टोकाला, दोघांची गाठ पडते कुठं? घसा ओला होतो, कोरडी ढास थांबते, माणसाला वाटतं उतरली धूळ. तेवढ्यावर थांबलं असतं तरी हरकत नव्हती. पण मी बघितलंय, एक्झॉस्टची मोटर जळालेली तशीच पडून आणि गुळाची ढेप मात्र दर महिन्याला वेळेवर.

छातीचा_डॉक्टर

वाळूमास्तरांनी माझं अर्धं काम केलं. रुग्ण न बघता निदान करणार नाही, पण दोन-तीन गोष्टी सांगतो.

क्वार्ट्झचा कण फुप्फुसाच्या फुग्यात गेला की तिथल्या भक्षकपेशी तो गिळतात. जंतू असता तर पचवला असता. हा पचत नाही, पेशीच मरते, कण पुन्हा मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळते. हे वर्षानुवर्षं चालतं, काम सोडल्यावरही. सतत दाह, त्यातून व्रण, म्हणजे सिलिकोसिस. त्याच दाहातून पेशींच्या डीएनएला इजा होत राहते आणि काहींमध्ये पुढे कॅन्सर. सिलिकोसिस झालेल्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका ढोबळमानानं दुप्पट दिसतो. सिलिकोसिस नसेल तर धोका नाही, असं पूर्वी काहीजण म्हणत. युरोप आणि कॅनडातले 14 अभ्यास एकत्र करून 2020 साली जे विश्लेषण झालं, त्यात सिलिकोसिस नसलेल्यांतही आणि कधीच धूम्रपान न केलेल्यांतही धुळीच्या प्रमाणात धोका चढत गेलेला दिसला. त्या माळकरी काकांबद्दल नक्की कुणीच सांगू शकणार नाही, पण नशिबाआधी त्यांची नोकरी विचारात घ्यायला हवी होती. बिडी आणि धूळ एकत्र आली की धोका आणखी चढतो. म्हणून ‘बिडीमुळे’ म्हणून धूळ निकालात काढणं चूक, आणि धुळीकडे बोट दाखवून बिडी चालू ठेवणं त्याहून चूक.

आता तो 3 सेंमीचा गोळा. सिलिकोसिसमध्ये बारीक गाठी एकमेकींत मिसळून मोठा गोळा होतो, त्यालाच पीएमएफ म्हणतात. तो बहुधा वरच्या भागात असतो, वर्षानुवर्षं हळूहळू आकसत मध्याकडे सरकतो. अडचण अशी की पेट स्कॅनमध्ये कॅन्सर चमकतो तसा हाही चमकतो. पेट ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणून घरात रडारड सुरू झालेली मी पाहिली आहे आणि बायोप्सीत नुसता व्रण निघाला आहे. उलटही होतं. सगळं सिलिकोसिसच आहे असं धरून वर्ष जातं आणि आत कॅन्सर वाढत असतो. सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी गोष्ट म्हणजे जुने एक्स-रे. टीबीच्या वेळचा, कंपनीच्या तपासणीचा, हर्नियाच्या ऑपरेशनआधी काढलेला, कुठलाही. तीन वर्षांपूर्वी गोळा तेवढाच होता तर एक दिशा, काही महिन्यांत वाढलाय तर दुसरी. एमआरआयचाही काही वेळा उपयोग होतो. शंका राहिली तर सुई टाकून तुकडा घ्यावा लागतो. आजूबाजूचं फुप्फुस फुगलेलं असेल तर त्यात हवा सुटण्याचा धोका असतो, म्हणून हे काम रोज करणाऱ्याकडेच करा.

टीबी मात्र विसरू नका. सिलिकोसिसच्या रुग्णाला कॅन्सरपेक्षा टीबीनं गाठण्याची शक्यता आपल्याकडे जास्त. आधीचा कोर्स पुराव्याशिवाय झाला, म्हणून आता टीबी नाहीच असं नाही. थुंकी सीबीनॅटला (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चरला (जंतू वाढवून बघायला) पाठवा. वजन उतरलं, रात्री घाम आला, थुंकीत रक्त दिसलं, आवाज बसला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. फ्लू आणि न्यूमोकॉकसची (न्यूमोनियाच्या जंतूची) लस विचारून घ्या.

दरवर्षी सीटी काढून कॅन्सर शोधावा का, हे पुढे कुणीतरी विचारेलच. अमेरिकेत भरपूर धूम्रपान केलेल्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, 2011 साली, कमी किरणोत्साराच्या सीटीनं फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. पण आपल्याकडे जुन्या टीबीचे डाग इतक्यांना असतात की दर दुसऱ्या माणसामागे नसता घोर लागतो. आप्पांसारख्यांत ठरावीक काळानं सीटी लागेलच. भावाला सध्या साधा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसाची ताकद मोजणं) पुरेशी.

ओटा_कारागीर

धागा वाचून पोटात गोळा आला. मी पुण्यात किचन ओटे बसवतो. कडप्पा, ग्रॅनाइट, आणि आता सगळ्यांना तो क्वार्ट्झचा पांढरा ओटा पाहिजे. सिंकचं भोक गिऱ्हाइकाच्या घरातच कटरनं पाडतो, सुकं. पाणी मारलं तर मॅडम ओरडतात, नवीन फरशी खराब होते म्हणून. काम झालं की आरशात बघितलं तर भुवया पांढऱ्या. आणि गावाकडं घरावर सिमेंटचे पत्रे आहेत, त्याचं पण सांगा.

वाळूमास्तर

कारागीर, तुमचं प्रकरण आमच्यापेक्षा वाईट आहे. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ साधारण चौथा-तिसरा हिस्सा. तो पांढरा कृत्रिम क्वार्ट्झ म्हणजे दगडाची पूड रेझिनमध्ये दाबलेली, त्यात 90 टक्क्यांवर सिलिका असू शकते. परदेशात तिशी-चाळिशीतल्या कारागिरांना तो कापून काही वर्षांत सिलिकोसिस झाला. ऑस्ट्रेलियानं 1 जुलै 2024 पासून त्या दगडावर बंदीच घातली. मॅडमना सांगा, भोक वर्कशॉपवरून पाण्याखाली पाडून आणतो, माप आधी पक्कं करा. घरात फक्त बसवायचं. ऐकत नसतील तर ते काम सोडा, दुसरं मिळेल.

पत्रे. आपल्याकडच्या सिमेंट पत्र्यात बहुतेक पांढरा ॲस्बेस्टॉस असतो. डोक्यावर शाबूत पत्रा आहे तोवर तंतू सिमेंटात धरलेले असतात. कापताना, भोक पाडताना, फुटका पत्रा फोडून भरावाला टाकताना ते सुटतात. तेव्हा पत्रा ओला करा, अख्खाच उतरवा, झाडू मारू नका. ॲस्बेस्टॉसचा कॅन्सर उगवायला वीस-तीस वर्षं घेतो. म्हणून तर सर्वोच्च न्यायालयानं 1995 साली ॲस्बेस्टॉस कामगारांचे आरोग्याचे कागद 40 वर्षं जपून ठेवायला सांगितलं. अमेरिकेतल्या ॲस्बेस्टॉसचं लिंपण करणाऱ्या कामगारांवरचा 1979 चा हिशोब या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे: नुसता ॲस्बेस्टॉस, धोका साधारण 5 पट. नुसती सिगारेट, 11 पट. दोन्ही, 53 पट.

पाथरवटाचा_नातू

मास्तर, राग नाही. पण एक विचारतो. आमचा चुलतभाऊ खडी क्रशरवर आहे, तिथं पण काळाच दगड. म्हणजे त्याला भीती नाही म्हणता?

वाळूमास्तर

असं नाही म्हटलं. सिलिकोसिसची आणि कॅन्सरची भीती गारगोटीच्या दगडापेक्षा कमी. पण क्रशरवर धूळ एवढी असते की थोडा क्वार्ट्झसुद्धा दिवसभरात बराच होतो, आणि कुठल्याही धुळीनं श्वासनलिका सुजून कायमचा खोकला-दमा जडतो. वर डंपरचा, जनरेटरचा डिझेलचा धूर, तोही आयएआरसीच्या पहिल्या गटात आहे. क्रशरच्या तोंडावर पाण्याचे फवारे नियमानं असायलाच हवेत. चालू आहेत का ते त्याला विचारा, बसवलेत का ते नको.

पंचगंगाकाठची

सगळ्यांचे आभार. जुने एक्स-रे शोधले. माळ्यावर ट्रंकेत दोन सापडले, एक टीबीच्या वेळचा आणि एक त्याच्याही आधीचा, कंपनीच्या कॅम्पमधला. दुसऱ्या डॉक्टरांनी दोन्ही ठेवून घेतलेत, थुंकी पाठवलीय. आता दोन प्रश्न. आप्पांना काही भरपाई मिळते का? ठेकेदार म्हणतो, माझ्याकडं तर ते चारच वर्षं होते. आणि भाऊ म्हणतो, मास्क लावून दम कोंडतो, काम होत नाही.

वाळूमास्तर

ठेकेदार सगळे हेच म्हणतात. सिलिकोसिस हा कायद्याच्या यादीतला व्यावसायिक आजार आहे, जुन्या कायद्यांतही होता, नव्या कामगार संहितांतही आहे. आप्पांचा ईएसआय कापला जात होता का बघा. कापला जात असेल तर वाट ईएसआयचीच. त्यांचं वैद्यकीय मंडळ अपंगत्वाचे टक्के ठरवतं आणि त्यावर दरमहा रक्कम बसते. कापला जात नसेल तर कर्मचारी नुकसानभरपाईचा दावा, आणि त्यात ठेकेदाराबरोबर मूळ कंपनीलाही ओढता येतं. पुरावा लागतो तो नोकरीचा. पीएफचं पासबुक काढा, त्यात कुठल्या साली कुणी पैसे भरले ते दिसतं. हजेरी कार्ड, गेटपास, दिवाळीच्या बोनसची पावती, काहीही फेकू नका. बरोबरच्या दोघा-तिघांची प्रतिज्ञापत्रं करून ठेवा, आप्पांच्या वयाची माणसं आहेत, आजच करा.

डॉक्टरांना सांगून केसपेपरवर ‘फौंड्री, नॉकआउट व फेटलिंग, अमुक ते अमुक साल’ असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘लेबर’ लिहिलेला कागद दाव्यात काही कामाचा नाही. सिलिकोसिसचं निदान झालं की डॉक्टरनं कारखाने निरीक्षकांना कळवायचं असतं, हे बऱ्याच डॉक्टरांना ठाऊक नसतं किंवा नको असतं. ते कळवत नसतील तर तुम्ही स्वतः औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा. आणि पुढं दुर्दैवानं गोळा कॅन्सरचा निघालाच, तर सिलिकोसिसचा कागद आधी झालेला असणं फार उपयोगी पडतं. नुसता कॅन्सर घेऊन गेलात तर समोरचा वकील पहिला प्रश्न बिडीचा विचारणार.

भावाचं. दम कोंडतो म्हणजे तो दोन पट्ट्यांचा एन-95 वापरत असेल, घामानं भिजला की तसं होतंच. रबराचा अर्धा चेहरा झाकणारा, बदलायच्या फिल्टरचा मास्क मागा. श्वास सोडायला झडप असलेला. दाढी असेल तर काढायला सांगा, दाढीवर कुठलाच मास्क बसत नाही. पण मास्क शेवटी येतो. सँड प्लांटवर धूळ उठते ती कन्व्हेयरचा पट्टा जिथं वाळू खाली टाकतो तिथं आणि मलरच्या (वाळू मळायच्या यंत्राच्या) झाकणापाशी. तिथली डक्ट (धूळ ओढून नेणारा पाइप) बॅग फिल्टरपर्यंत (धूळ गाळणाऱ्या पिशव्यांपर्यंत) उघडी आहे का, की वाळूनं बुजलीय, हे त्यानं बघावं. डक्टला हातोडीनं ठोकलं की बुजलेली लगेच कळते, आवाज बद्द येतो. आणि शिफ्ट संपल्यावर हवेचा पाइप अंगावर धरून कपडे झटकायची सगळ्यांना सवय असते. ती त्यानं आजपासून बंद करावी, कपडे तिथंच काढून दुसरे घालून घरी यावं. वर्षाचा एक्स-रे कंपनी काढते, तो रिपोर्ट स्वतःकडं मागून घ्यायचा. देत नाहीत, मागावा लागतो.

डक्टचं त्यानं बघितलं की इथं लिहा. बुजलेली निघाली तर मेंटेनन्सला अर्ज कसा लिहायचा ते सांगतो.